शिक्षानिश्चितीचे अध्ययन : काही निकालपत्रे आणि एक तालुका न्यायालय

१

फौजदारी निकालपत्राचे स्वभावतः दोन भाग पडतात. आरोपीने गुन्हा केला किंवा नाही, याचा निर्णय पहिल्या भागात होतो. केला असेल तर त्याला कोणती शिक्षा द्यावी, याचा दुसऱ्यात. न्यायालयाच्या दालनात उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने या दोहोंपैकी कोणता भाग अधिक महत्त्वाचा, हे सांगण्याची आवश्यकता नाही. तथापि विद्यापीठीय अध्यापनात या भागांचे महत्त्व नेमके उलटे झालेले दिसते. चोरी आणि जबरी चोरी यांतील भेद, खून आणि सदोष मनुष्यवध यांच्यामधली सूक्ष्म रेषा, खाजगी संरक्षणाच्या हक्काची मर्यादा, या विषयांवर वर्षानुवर्षे व्याख्याने होतात. दोष सिद्ध झाल्यानंतर तीन महिने की तीन वर्षे, कारावास की परिवीक्षा, या प्रश्नाशी पोचेपर्यंत मात्र सत्र संपलेले असते. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या विधिशिक्षणविषयक नियमांतही गुन्ह्याचा कायदा सक्तीच्या विषयांत आहे, आणि शिक्षाशास्त्र ऐच्छिक विषयांच्या यादीत.

मराठी भाषेतील रूढ प्रयोगही या वृत्तीस पोषक आहेत. शिक्षा ‘ठोठावली’ जाते, ‘फर्मावली’ जाते, ‘सुनावली’ जाते. ती ‘ठरविली’ जाते असे क्वचितच म्हटले जाते. पहिल्या तिन्ही क्रियापदांत अधिकाराचा उच्चार आहे, विचाराची प्रक्रिया नाही. ‘दंड’ या शब्दाचाही संकोच झाला आहे. धर्मशास्त्रात सर्व प्रकारच्या शिक्षेचा वाचक असलेला हा शब्द आज व्यवहारात केवळ पैशाच्या वसुलीपुरता उरला आहे. म्हणून प्रस्तुत लेखात ‘शिक्षानिश्चिती’ हा शब्द योजिला आहे. शिक्षा ही निकालाच्या शेवटी आपोआप बाहेर पडणारी वस्तू नसून ती कारणे देऊन निश्चित करावयाची असते, एवढा अर्थ त्यातून व्यक्त व्हावा.

या विषयाकडे झालेल्या दुर्लक्षाचे दोन परिणाम संभवतात. जो थोडाफार अभ्यास होतो तो सर्वोच्च न्यायालयाच्या फाशीविषयक निकालांपुरता मर्यादित राहतो; आणि त्या निकालांचे वाचनही तत्त्ववाक्ये वेचण्यापुरते होते, युक्तिवादाची चिकित्सा करण्यासाठी होत नाही. पुढील विवेचनात प्रथम महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या दोन खटल्यांचा विचार केला आहे, आणि नंतर त्याच दृष्टीने बुलढाणा जिल्ह्यातील धामणगाव बढेसारख्या गावातील किरकोळ खटल्याकडे पाहिले आहे.

२

विषयाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे, फाशीयोग्य अपराधात न्यायाधीशाने फाशी दिली नाही तर त्याची कारणे नोंदवावी लागत. १९५५ च्या दुरुस्तीने हे बंधन काढले. १९७३ च्या संहितेने चक्र पूर्ण फिरविले : कलम ३५४(३) अन्वये फाशी द्यावयाची असेल तर विशेष कारणे देणे आवश्यक झाले. त्याच संहितेने, विधी आयोगाच्या १९७२ च्या अठ्ठेचाळिसाव्या अहवालातील शिफारशीस अनुसरून, दोषसिद्धीनंतर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे स्वतंत्र म्हणणे ऐकण्याची तरतूद कलम २३५(२) मध्ये केली. ही सुनावणी उपचारमात्र नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये संता सिंग खटल्यात स्पष्ट केले. १९८० च्या बचन सिंग निकालात घटनापीठाने फाशीची शिक्षा वैध ठरविली. परंतु ती दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणी, आणि गुन्हा व गुन्हेगार या दोहोंचा विचार करूनच द्यावी, असे बंधन घातले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत या तरतुदी अनुक्रमे कलम ३९३ व २५८ मध्ये कायम राहिल्या आहेत.

‘गुन्हा आणि गुन्हेगार’ या जोडशब्दातील दुसरे पद पुढे एका निकालात गळून पडले. राजस्थानातून आलेल्या रावजी खटल्याच्या, १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात द्विसदस्य पीठाने असे म्हटले की, शिक्षा ठरविताना गुन्ह्याचे स्वरूप व गांभीर्य पाहावयाचे असते, गुन्हेगार नव्हे. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने जे बंधन घातले ते दोन न्यायमूर्तींच्या एका वाक्याने सैल झाले, आणि पुढील बारा-तेरा वर्षे अनेक निकालांत त्या वाक्याचा आधार घेतला गेला. ते बचन सिंगच्या बंधनाशी जुळते काय, हा प्रश्न त्या निकालांत उपस्थित झाला नाही. पूर्वनिर्णयाचे वाक्य संदर्भातून सुटून हिंडू लागले म्हणजे काय होते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

३

३० एप्रिल २००९ आणि १३ मे २००९ या दोन तारखांमध्ये केवळ तेरा दिवसांचे अंतर आहे. या दोन्ही दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या निरनिराळ्या द्विसदस्य पीठांनी महाराष्ट्रातील खुनाच्या खटल्यांत शिक्षेविषयी निर्णय दिले. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचणे, हा शिक्षानिश्चितीच्या अभ्यासाचा उत्तम प्रारंभ ठरेल.

पहिला खटला सहा आरोपींचा. आरोपी भटक्या जमातीतील गरीब मजूर होते. ते सर्व पुढे निर्दोष ठरल्यामुळे निकालाचा उल्लेख त्यांच्या नावाने करण्याचे येथे टाळले आहे. २००३ साली घडलेला दरोडा, बलात्कार व पाच जणांचे खून असा हा अत्यंत क्रूर प्रकार होता. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांस फाशी दिली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम केली व तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २००९ रोजी जन्मठेप झालेल्या तिघांची शिक्षा वाढवून पुन्हा सहाही जणांस फाशी दिली.

या निकालपत्रातील शिक्षेचा भाग चिकित्सक दृष्टीने वाचला असता त्याचे सारे बळ गुन्ह्याच्या वर्णनात एकवटलेले दिसते. क्रौर्य किती होते, समाजाच्या मनाला किती धक्का बसला, सौम्य शिक्षेने न्यायसंस्थेवरील विश्वास कसा ढळेल, हे प्रश्न तेथे अग्रभागी आहेत. हे सहा जण कोण, प्रत्येकाचे वय काय, पूर्वचरित्र काय, सुधारणेची शक्यता किती, हे प्रश्न मागे पडले आहेत. उच्च न्यायालयाने आरोपींमध्ये केलेला भेदही येथे पुसला गेला. रावजीच्या वाक्याची छाया अशी संपूर्ण शिक्षाविचारावर पडलेली आहे.

तेरा दिवसांनी न्यायमूर्ती एस. बी. सिन्हा व न्यायमूर्ती सिरिॲक जोसेफ यांच्या पीठाने बरियार खटल्याचा निकाल दिला. खंडणीसाठी अपहरण करून केलेल्या खुनाचा हा खटला होता आणि दोषसिद्धी बव्हंशी माफीच्या साक्षीदारावर अवलंबून होती. पीठाने दोषसिद्धी कायम ठेवून फाशीऐवजी जन्मठेप दिली. परंतु या निकालाचे महत्त्व त्याच्या फलितापेक्षा पद्धतीत आहे. रावजीचा निर्णय बचन सिंगमधील बंधनाकडे दुर्लक्ष करून दिलेला आहे, म्हणून तो पूर्वनिर्णय म्हणून मानता येत नाही, असे पीठाने स्पष्ट म्हटले, आणि त्यावर विसंबलेल्या निकालांची नावानिशी नोंद केली. आरोपी सुधारू शकणार नाही हे पुराव्याने दिसले पाहिजे. लोकमत हा शिक्षेचा आधार होऊ शकत नाही. दोषसिद्धीचा पुरावा कोणत्या प्रतीचा आहे याकडेही शिक्षा ठरविताना लक्ष द्यावे, असे मुद्दे तेथे क्रमाने मांडलेले आहेत. एखाद्याला निष्कर्ष मान्य होवो वा न होवो, त्या निष्कर्षापर्यंत न्यायाधीश कोणत्या पायऱ्यांनी आला हे तपासता येते. पहिल्या निकालात नेमकी ही सोय नाही.

पुढील घटनाक्रम सुविदित आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च व उच्च न्यायालयांच्या चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून, रावजीच्या आधारे दिलेल्या फाशीच्या शिक्षा सौम्य कराव्यात अशी विनंती केली. खुद्द रावजी खटल्यातील दोषीला १९९६ मध्येच फाशी झाली होती. तेथे दुरुस्तीला वाव उरला नव्हता. त्या सहा आरोपींपैकी एकजण गुन्ह्याच्या काळी अल्पवयीन होता, हेही २०१२ मध्ये निष्पन्न झाले. अखेर पुनर्विलोकनात २००९ चा निर्णय मागे घेण्यात आला, अपिले नव्याने ऐकण्यात आली, आणि ५ मार्च २०१९ रोजी त्रिसदस्य पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले. प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. घटनेतून वाचलेल्या साक्षीदार महिलेने पोलिसांच्या छायाचित्रसंग्रहातून आधी निराळ्याच चार व्यक्ती ओळखल्या होत्या आणि त्यांचा तपासच झाला नव्हता, ही गोष्ट या निकालात निर्णायक ठरली.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. निर्दोष सुटका हा दोषसिद्धीचा प्रश्न आहे, शिक्षेचा नव्हे. २००९ मध्ये शिक्षेचा विचार पद्धतशीर झाला असता तर आरोपी सुटलेच असते, असे म्हणणे तर्कशुद्ध होणार नाही. परंतु याहून मर्यादित आणि म्हणूनच अधिक बळकट असे विधान करता येते. आरोपीचे वय हा शिक्षाविचारातील अगदी पहिला प्रश्न होय. अल्पवयीनास फाशी देता येत नाही, हा कायदा निर्विवाद आहे. तरीही तीन न्यायालयांच्या तीन निकालपत्रांतून एक मुलगा फाशीच्या सावलीत उभा राहिला. ‘गुन्हा पाहावा, गुन्हेगार नव्हे’ या सूत्राचा व्यावहारिक अर्थ असा होतो की, जी माहिती न विचारता मिळत नाही ती विचारलीच जात नाही. सूत्राचा दोष तात्त्विक आहेच. परंतु तो येथे कागदोपत्री सिद्ध झाला आहे.

४

या ठिकाणी भारतीय परंपरेचा आश्रय घेण्याचा मोह अभ्यासकांस होतो. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९४६ च्या तिसऱ्या खंडात दंडविचाराचा विस्तृत परामर्श आहे. दंड देताना अपराधामागील हेतू व त्याची पुनरावृत्ती, देश, काळ, अपराध्याची शक्ती आणि अपराधाचे स्वरूप पाहावे, असे मनुस्मृती सांगते; वाग्दंड, धिग्दंड, धनदंड व वधदंड असा चढता क्रमही तेथे आहे. गुन्हा आणि गुन्हेगार या दोहोंचा विचार करावा हे तत्त्व १९८० साली परदेशातून आणलेले नाही, एवढे यावरून म्हणता येते.

तथापि हे अर्धे सत्य झाले. ज्या स्मृतीने अपराध्याकडे पाहा म्हटले, तिने त्याच्या वर्णाकडेही पाहावयास सांगितले, आणि एकाच अपराधास वर्णपरत्वे निरनिराळे दंड सांगितले. ब्रिटिश अमदानीत १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने याच दोषाला नवे रूप दिले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. २०१९ मध्ये निर्दोष ठरलेले सहाही जण भटक्या जमातीतील असावेत, हा निव्वळ योगायोग मानण्यास मन धजत नाही. न्यायालयानेही त्यांच्या गरिबीचा व सामाजिक स्थितीचा उल्लेख करून, गंभीर गुन्ह्यांत निरपराध माणसे गोवली जाण्याचा संभव बोलून दाखविला. तात्पर्य, ‘गुन्हेगाराकडे पाहावे’ हे तत्त्व दुधारी आहे. व्यक्ती म्हणून पाहिले तर ते न्यायाचे साधन होते. जात वा जमात म्हणून पाहिले तर अन्यायाचे. विद्यापीठात हा विषय शिकविताना परंपरेचा गौरव आणि परंपरेची चिकित्सा ही दोन्ही कामे एकाच तासात व्हावयास हवीत.

५

आतापर्यंतचे विवेचन फाशीच्या निकालांविषयी झाले. आणि विद्यापीठीय अभ्यास बहुधा येथेच थांबतो. वस्तुतः फाशीचे निकाल हे शिक्षानिश्चितीच्या विस्तीर्ण क्षेत्रातील एक लहानसे शिखर आहे. देशातील बहुसंख्य शिक्षा प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांत ठरतात. त्यांची निकालपत्रे कोणत्याही पाठ्यपुस्तकात येत नाहीत.

धामणगाव बढे हे मोताळा तालुक्यातील गाव. तेथे पोलीस ठाणे आहे. फौजदारी न्यायालय तालुक्याच्या ठिकाणी, मोताळ्यास. समजा, या गावच्या एकोणीस वर्षांच्या तरुणाने शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीवरील पंधरा हजार रुपये किंमतीचा विद्युतपंप चोरला, आणि त्याचा हा पहिलाच गुन्हा आहे. प्रश्न असा की, त्याच्या शिक्षेविषयी कायद्याची अपेक्षा काय?

अपेक्षा बरीच आहे. गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ६ अन्वये, एकवीस वर्षांखालील आरोपीस, गुन्हा जन्मठेपेस पात्र नसेल तर, शक्यतो कारावास देऊ नये. द्यावयाचा असेल तर कारणे नोंदवावीत, आणि परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा. कलम ३ अन्वये चोरीसारख्या गुन्ह्यात प्रथम अपराध्यास केवळ ताकीद देऊन सोडता येते. स्मृतिकारांचा वाग्दंड येथे लोकसभेच्या भाषेत पुन्हा अवतरला आहे. या प्रकारचा कायदा या प्रदेशाला नवीनही नव्हे : मध्य प्रांतात १९३६ मध्ये व मुंबई प्रांतात १९३८ मध्ये परिवीक्षेचे कायदे झाले होते. शिवाय पूर्वीचे कलम ३६१, आताचे ४०२, सांगते की परिवीक्षा शक्य असूनही दिली नाही, तर त्याची विशेष कारणे निकालात लिहिली पाहिजेत. हे कलम म्हणजे सामान्य माणसाचे कलम ३५४(३) होय. फाशीला जे विशेष कारणांचे कुंपण आहे, तेच येथे तरुण अपराध्याच्या कारावासालाही घातलेले आहे. पण पहिल्यावर ग्रंथ लिहिले गेले; दुसऱ्याचा उल्लेखही वर्गात क्वचित होतो.

आता दुसरी बाजू पाहावी. नव्या संहितेच्या कलम २८३ ने वीस हजार रुपयांपर्यंतच्या चोरीचे खटले संक्षिप्त रीतीने चालविणे बंधनकारक केले आहे. जुन्या संहितेत ही मर्यादा दोन हजारांची होती आणि न्यायदंडाधिकाऱ्यास पर्याय होता. संक्षिप्त खटल्यात समन्स खटल्याची रीत चालते, आणि समन्स खटल्याच्या दोषसिद्धीच्या कलमात शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे ऐकावे असे शब्द नाहीत. ते शब्द सत्र खटल्यात व वॉरंट खटल्यात आहेत. संक्षिप्त निकालपत्रात थोडक्यात कारणे द्यावयाची ती दोषनिर्णयाची. शिक्षेच्या कारणांचा तेथे वेगळा उल्लेख नाही. कमाल शिक्षा तीन महिन्यांची असल्याने एवढे पुरे, असे समर्थन होईल. परंतु मजुरीवर घर चालविणाऱ्या तरुणाचे तीन महिने, आणि त्याहीपेक्षा ‘शिक्षा झालेला’ हा कायमचा शिक्का, या गोष्टी क्षुल्लक नाहीत. परिवीक्षा अधिनियमाच्या कलम १२ ने हा शिक्का पुसण्याची सोय केली आहे. पण ती परिवीक्षा मिळालेल्यांनाच.

म्हणजे कायद्याचा एक हात कारणे मागतो आणि दुसरा हात कारणे लिहिण्याची जागा आखूड करतो. हा विरोध मोताळ्याच्या न्यायदंडाधिकाऱ्याने निर्माण केलेला नाही. तो संहितेच्या रचनेतच आहे. जेथे शिक्षांची संख्या सर्वांत मोठी, तेथे शिक्षेचा मजकूर सर्वांत लहान. या विषयातील खरा संशोधनप्रश्न हा आहे.

भारतीय न्याय संहितेने २०२३ मध्ये समाजसेवा ही शिक्षा नव्याने आणली, हे स्वागतार्ह आहे. पाच हजारांखालील पहिल्या चोरीत, माल वा त्याची किंमत परत केल्यास हीच शिक्षा सांगितली आहे. पण कोणते काम, किती तास, देखरेख कोणाची, याचा तपशील संहितेत नाही. महाराष्ट्राला या बाबतीत अनुभवाचे भांडवल आहे. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही बंदिवानांची मुक्त वसाहत स्थापन केली. कुंपणाऐवजी शेतीचे काम व विश्वास यांवर ती उभी होती. ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटामुळे तिची कल्पना देशभर पोचली. स्वतंत्रपूरचा धडा असा की, श्रमाची शिक्षा हुकूमनाम्याने चालत नाही, व्यवस्थेने चालते. ही व्यवस्था गावपातळीवर कशी असावी याचा विचार झाला नाही, तर समाजसेवा ही शिक्षा कागदावर उरेल, किंवा सरकारी आवारातील केरवाऱ्यापुरती राहील.

६

न्यायाधीशांसाठी शिक्षेची निश्चित मार्गदर्शक तत्त्वे करावीत, हा उपाय वेळोवेळी सुचविला गेला आहे. मलिमथ समितीने २००३ मध्ये तशी शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये प्रेम सागर खटल्यात अशा तत्त्वांच्या अभावाकडे लक्ष वेधले. हा उपाय त्याज्य नाही. परंतु आज शिक्षा प्रत्यक्षात कशा दिल्या जातात याचे ज्ञान नसताना तत्त्वे रचणे, म्हणजे रुग्ण न तपासता औषध लिहिणे होय. ते ज्ञान मिळविणे हे शासनाचे नव्हे, विद्यापीठाचे काम आहे.

या कामाला साधनांची उणीव नाही. तालुका न्यायालयांचे निकाल ई-न्यायालय प्रकल्पामुळे आता घरबसल्या वाचता येतात. महाराष्ट्रात जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा म्हणून मराठी मान्य झालेली असल्याने भाषेची अडचणही येऊ नये. बुलढाणा जिल्हा ज्याच्या क्षेत्रात येतो त्या अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठातील, किंवा अन्य कोणत्याही विद्यापीठातील पदव्युत्तर विद्यार्थ्याने एका तालुक्याची पाच वर्षांची निकालपत्रे घ्यावीत आणि प्रत्येकाला ठरावीक प्रश्न विचारावेत. आरोपीचे वय नोंदविले आहे काय? परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागविला काय? परिवीक्षा नाकारली असल्यास कारण दिले आहे काय, आणि ते त्या आरोपीविषयी आहे की कोणत्याही आरोपीस लागू पडणारे ठोकळेबाज वाक्य आहे? गुन्हा कबूल करणाऱ्यास कबुलीचा परिणाम समजावून सांगितल्याची नोंद आहे काय? आरोपीस वकील होता काय?

हे प्रश्न साधे आहेत. परंतु सहा आरोपींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंतच्या तिन्ही पायऱ्यांवर यांतील पहिल्याच प्रश्नाचे खरे उत्तर पुढे आले नाही, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्यांचे मोल कळते. या कामाची पहिली फळे प्रबंधाच्या रूपाने नव्हे, तर मोताळा, मलकापूर, नांदुरा अशा तालुक्यांच्या तक्त्यांच्या रूपाने यावीत; सिद्धांत त्यांच्यावर मागाहून उभारता येईल. तोपर्यंत निदान एवढी सुधारणा कोणत्याही विधी विभागास या सत्रापासून करता येण्यासारखी आहे : वर्गात निकालपत्र वाचावयास घेतले, तर ते शेवटच्या परिच्छेदापर्यंत वाचावे.